सोबत काय आणलं होतं?

सिंगापुरात माणसं राहतात यावर आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचा विश्वासच नाही. त्यांच्या मते इथे फक्त बाहेरून आलेली माणसं असतात. हे मूळचे पुण्याचे, नोकरी चांगी बिझनेस पार्कमध्ये, पण खरा व्यवसाय भोचकपणा. टॅक्सीवाला असो की डॉक्टर, यांचे दोन प्रश्न ठरलेले: ‘तुमच्यातलं पहिलं कोण आलं?’ आणि ‘सोबत काय आणलं होतं?’ एकदा दंतवैद्यबाईंनी तोंडात नळ्या घातलेल्या असतानाही यांनी खाणाखुणा करून विचारलंच. पणजोबा जाफन्याहून फक्त छत्री घेऊन आले होते, हे सांगण्यात बाई इतक्या रंगल्या की दाढ पुढच्या आठवड्यावर गेली. सुजलेला गाल धरून हे मला सांगत होते, “इथला इतिहास पुस्तकात नाही हो, ट्रंकेत आहे!” बाजूला त्यांची लेक कपाळाला हात लावून उभी. तिचं इंग्रजी पक्कं सिंगापुरी: “बाबा, डोन्ट आस्क एव्हरीबडी लाह!”

खालच्या हॉकर सेंटरमधला, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईतला, म्हातारा कॉफीवाला त्यांचा विशेष लाडका. त्याचे आजोबा चीनमधल्या हायनान बेटावरून एक उशी घेऊन आले आणि इथलेच झाले. शेजारी स्वतः सोळा वर्षांपूर्वी आईचा पोळपाट घेऊन आले, ‘दोन वर्षांत परत आणतो’ असं सांगून. आई अजून दर रविवारी फोनवर विचारते, “पोळपाट कधी आणतोस?” तिकडे ती पालथ्या ताटावर पोळ्या लाटते. नवा घेत नाही.

यांचा पीआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज दोनदा नामंजूर झाला होता. तिसऱ्यांदाही मंजुरी नाही आली, तर नोकरीचा पास संपताच गाशा गुंडाळायचा, असं ठरलं होतं. त्या काळात हे लिफ्टमध्ये कुणाला काही विचारेनात. त्यांच्या प्रश्नांना वैतागणारा मी, मलाच करमेनासं झालं.

मागच्या शनिवारी मंजुरी आली. पेढे घेऊन आम्ही थेट कॉफीवाल्याकडे गेलो. म्हाताऱ्याने अख्खा पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, “युवर फॅमिली, फर्स्ट वन इज यू. यू ब्रिंग वॉट, आह?”

शेजाऱ्यांनी हवेत बोटाने एक मोठा गोल काढला. “मदर्स पोळपाट. ओन्ली फॉर टू इयर्स.”

“माय ग्रँडफादर ऑल्सो से टू इयर्स,” म्हातारा म्हणाला, आणि खो खो हसला.

हेही हसले.

“उद्या रविवार ना?” मग त्यांनी मला विचारलं, आणि कॉफी गार होईपर्यंत ढवळत बसले.