महालक्ष्म्यांपुढची फौज

लातूरच्या आमच्या घरात समोरच्या खोलीतलं काचेचं कपाट माझं आहे. त्यात मध्ययुगातल्या युरोपातली एक फौज उभी असायची. अंगठ्याएवढे घोडेस्वार, भालाईत, धनुर्धारी. धातूचे कोरे शिपाई परदेशातून मागवायचे, त्यांच्यावर अस्तराचा रंग मारायचा आणि भिंगाखाली बसून एकेकाचा अंगरखा, ढाल, डोळे रंगवायचे, हा माझा नाद. एका घोडेस्वारात माझा आठवडा सहज जातो.

कॉलेजातला माझा एक मित्र नांदेडला असतो. विरुद्ध बाजूची फौज त्याच्याकडे. दोन-तीन महिन्यांतून एखाद्या रविवारी तो मांडीवर सैन्याची पेटी घेऊन एसटीनं येतो. टेबलावर हिरवं कापड अंथरायचं, टेपनं अंतर मोजून शिपाई पुढे सरकवायचे, फासे टाकायचे आणि लढाई खेळायची. हा खेळ खेळणारं तिसरं माणूस आम्हाला आसपास कुठे सापडलेलं नाही.

आई या सगळ्याला बाहुल्या म्हणायची. "चाळिशी उलटली अन् बाहुल्या रंगवून राहिला," असं ती पाहुण्यांना सांगायची. मी हसून सोडून द्यायचो.

मागच्या भादव्यात तिचे गुडघे फारच दुखत होते. महालक्ष्म्या बसल्या की त्यांच्यापुढे आरास ती स्वतः करते. मातीचं गाव, डोंगर, विहीर. त्या वर्षी मात्र खाली बसणंच जमेना. बायको म्हणाली, "बाजारातून तयार आणू या." आईला ते पटलं नाही.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी मी ऑफिसातून लवकर घरी आलो. दारात बायकांच्या चपलांचा ढीग. आत दोन्ही महालक्ष्म्या नव्या साड्यांत उभ्या होत्या आणि त्यांच्या पायाशी, उगवलेल्या गव्हाच्या हिरव्या रोपांत, माझी सगळी फौज होती. पाण्यानं भिजलेल्या मातीत घोडे गुडघाभर रुतले होते. धनुर्धाऱ्यांची तोंडं घोडेस्वारांच्या पाठीकडे. आणि प्रत्येक घोड्याच्या कपाळाला हळदीकुंकू.

मी बायकोकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "अहो, मी नको म्हटलं होतं. आईंनी ऐकलंच नाही. स्टुलावर बसून मांडली सगळी."

तेवढ्यात शेजारच्या काकू खाली वाकून म्हणाल्या, "अगं बाई, हे डोळेसुद्धा हातानं काढलेत?"

"मग! आमच्या लेकानं काढले," आई म्हणाली. "भिंग लावून बसतो. लई बारीक काम हाय ते."

तिच्या तोंडून माझ्या कामाबद्दल असं काही मी पहिल्यांदाच ऐकत होतो. पांढऱ्या अंगरख्यांवर हळद उतरत होती, ती मला दारातून दिसत होती. एकदा बसलेली हळद त्या रंगावरून निघत नाही. पण आईचा चेहराही दिसत होता. मी कपडे बदलले आणि पंगतीत वाढायला लागलो.

महालक्ष्म्या उठल्यावर शिपाई गोळा करायला मी खाली बसलो. ओली फडकी, कापूस, सगळं घेऊन. आईनं माझा हात धरला.

"काय करून राहिला?"

"धुऊन कपाटात ठेवतो. रविवारी नांदेडचा येणार आहे. खेळायचंय."

"देवीपुढं उभी राहिलेली फौज हाय ती. आता तिच्यावर फासे टाकणार तू?"

मी फडकं खाली ठेवलं. तिनं एकेक शिपाई उचलून जुन्या धोतरात गुंडाळला आणि महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांच्या ट्रंकेत ठेवला. गुडघ्यांवर हात टेकत, कण्हत, पण सगळे तिनंच ठेवले. मला हात लावू दिला नाही.

मित्राला मी फोनवर सांगितलं. त्याला खरं वाटेना, म्हणून रविवारी तो पेटी घेऊन आलाच. आईनं त्याला आग्रहानं जेवू घातलं. जेवता जेवता त्यानं विषय काढला, "काकू, ते शिपाई परदेशातले हायेत. त्यांचा अन् आपल्या देवीचा काय संबंध?"

"पायाशी आले ना?" आई म्हणाली. "मग झालं. वरण घे अजून."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी ताटाकडे. दुपारी हिरवं कापड आम्ही अंथरलंच नाही. चहा घेऊन तो परत निघाला. बसस्टँडवर पेटी एका हातातून दुसऱ्या हातात घेत म्हणाला, "अरे, माझी फौज कुणाशी लढणार आता?" मी त्याला नांदेडच्या गाडीत बसवून दिलं.

दिवाळीनंतर मी मन घट्ट करून नवे शिपाई मागवले. नवी फौज उभी करायला दोनेक वर्षं लागणार होती, तरी मागवले. पार्सल आलं तेव्हा मी घरी नव्हतो. आईनं ते उघडून सगळे शिपाई ताटात काढून ठेवले होते.

"पुढच्या सालासाठी ना?" तिनं विचारलं.

नाही म्हणायचं मी ठरवलं होतं. "हो," म्हणालो.

"हत्ती न्हाईत का यांच्यात?"

"त्यांच्याकडे हत्ती नव्हते, आई."

"आपल्याकडं होते की. मागव."

या आठवड्यात मी हत्ती रंगवतोय. झुलीवर कोणता रंग द्यायचा, ते आई येता-जाता सांगते. मित्राचा फोन येतो, पण रविवारचं तो आता विचारत नाही.