गुढीला बांधलेली काठी

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

तुमची आई परवा फोनवर म्हणाली की एप्रिलमध्ये तुम्ही दोघं मित्रांबरोबर स्कीइंगला जाणार आहात, आणि तेही आखलेल्या उतारांवर नाही, तर स्वतः चढून मोकळ्या बर्फावर. तिनं विचारलं, तू त्यांच्याशी बोलशील का. फोनवर मला हे नीट जमणार नाही. तुम्ही इंग्रजीत उत्तर द्याल, मग मीही इंग्रजीत शिरेन आणि सगळं फार सोपं होऊन बसेल. म्हणून लिहिते आहे. आई वाचून दाखवील. मी थकले आहे, तेव्हा हे एकदाच.

तुमचा मामा दर वर्षी मार्चअखेरीस ऑस्ट्रियाला जायचा. आमच्या सपाट डच गावात, हार्लेममध्ये, चढ म्हणजे कालव्यावरचा पूल. डोंगर हवा असेल तर इथली माणसं दिवसभर गाडी चालवतात. त्या वर्षी नेमका त्याच आठवड्यात पाडवा आला. मी सणाला एकटी नको म्हणून त्यानं मलाही नेलं. बरोबर त्याचा ऑफिसातला डच मित्र होता. तो मला आईच म्हणतो. पहिली दोन वर्षं त्याला ते माझं नाव वाटत होतं.

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी, तिथल्या भाड्याच्या घरात, त्या मित्रानं टेबलावर नकाशा पसरून मला समजावून सांगितलं. वसंतातला बर्फ रात्री गोठतो आणि पहाटे दगडासारखा टणक असतो. नऊ-दहाच्या सुमारास वरचा बोटभर थर मऊ होतो, तेव्हा उतरायचं. त्यानंतर उन्हानं झालेलं पाणी आत मुरतं आणि अख्खा थर दरडीसारखा खाली येतो. रात्र ढगाळ असेल तर बर्फ नीट गोठतच नाही, मग जायचंच नाही. म्हणजे साडेसहाला निघायचं आणि अकराच्या आत खाली यायचं. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेला. मी दोन-तीन प्रश्नही विचारले. तो मामाला म्हणाला, तुझ्यापेक्षा आईला जास्त कळतं.

कळलं होतंच. तरी सकाळी मी सांगितलं की गुढी उभारून नैवेद्य झाल्याशिवाय कुणी बाहेर पडायचं नाही.

गुढीला काठी हवी होती. दाराशी मामाची बॅग भरून ठेवलेली होती आणि तिच्यात ॲल्युमिनियमची एक घडीची काठी होती. आतली दोरी ओढली की तुकडे एकमेकांत बसून ती सरळ व्हायची. उंची अगदी हवी तेवढी. मी ती बाल्कनीच्या कठड्याला बांधली, खण लावला, साखरेची गाठी घातली, वर तांब्या उपडा ठेवला. पूजा उरकली आणि पुऱ्यांची कणीक मळायला घेतली, तेवढ्यात मामा बाल्कनीत गेला.

"आई, ही प्रोब आहे. कुणी बर्फाखाली गेलं तर खुपसून शोधायची काठी. मला लागेल ती."

"पूजा झाली आहे. आता सूर्यास्तापर्यंत उतरवायची नाही."

त्यानं गुढीकडे बघितलं. मग म्हणाला, एक दिवस चालेल, आणि हळदकुंकू वाहिलं. मित्राला त्यानं सांगितलं नाही. मीही नाही.

मित्र बूट घालून केव्हाचा बसला होता. बर्फ पुऱ्यांसाठी थांबत नाही, असं तो मला म्हणाला. हसत म्हणाला, पण इथली माणसं हसूनही खरंच बोलतात. मी त्याच्या वाटीत आणखी श्रीखंड वाढलं. निघायला पावणेनऊ वाजले. दारात तो म्हणाला, मोठा उतार आज सोडून देऊ. भराभर चढू, असं मामा म्हणाला.

पुढचं मामाकडून कळलेलं. माथ्यावर पोहोचायलाच साडेबारा झाले. घोट्यापर्यंत बर्फ ओला होता. मित्र आधी उतरला आणि त्याच्या वरचा सगळा उतार सुटला. दोघांच्या छातीवर खूण पाठवणारी यंत्रं होती, त्यामुळे मामाला जागा सापडली, पण हातभर इकडे की तिकडे, ते यंत्र सांगत नाही. त्यासाठीच ती काठी, आणि मित्राची त्याच्याबरोबरच बर्फाखाली गेली होती. त्यानं आधी चुकीच्या जागी खणलं. ओला बर्फ थांबला की सिमेंटसारखा होतो. मग त्यानं स्कीच्या काठीची खालची चकती मोडून काढली आणि टोक खुपसत राहिला, शेवटी ते कशातरी मऊ गोष्टीला लागलं. मित्र निळा पडला होता. श्वास होता.

हेलिकॉप्टर आमच्या बाल्कनीवरून गेलं तेव्हा मी भांडी पुसत होते.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात मी मामाला बाहेर पाठवलं आणि मित्राला सगळं सांगितलं, काठीचं आणि पुऱ्यांचंही. 

"तुम्ही दोघांनी मला विचारायला हवं होतं," तो म्हणाला. "मी नाही म्हटलं असतं."

एवढंच. मी माफी मागितली, त्यानं मान हलवली. तो अजून आमच्याकडे कॉफीला येतो. त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. सायकलवरून वळताना तो मान वाकडी करून मागे बघतो, आणि मी खिडकीतून ते बघते. मामानं स्की विकून टाकल्या. मला त्यानं कधी बोल लावला नाही. त्यानं लावला असता तर बरं, असं पुष्कळदा वाटतं.

म्हणून सांगते. लवकर निघा, उपाशी निघालात तरी चालेल. उशीर झाला तर घरी बसा. बॅगेतलं काही कुणाला देऊ नका, मला सुद्धा. आणि बरोबरच्यांना न सांगता कशालाही "चालेल" म्हणू नका.

माझी गुढी आता पडद्याच्या दांडीवर उभी राहते. ती काठी कपाटात होती. काल काढून पुसली आणि या पत्राबरोबर पाठवते आहे. एका टोकाला कुंकवाचा डाग आहे, तो निघत नाही. दोरी ताठ आहे आणि सगळे तुकडे अजून नीट बसतात.