शैलाताईंच्या भिंतीवरचं मेक्सिको

वस्तू जमवणाऱ्या माणसाकडे वस्तूंपेक्षा किस्सेच जास्त साठतात. शैलाताईंकडे तर फारच. दुबईतल्या एका भारतीय शाळेत आम्ही दोघी शिकवायचो. मी गणित, त्या चित्रकला. नव्वदच्या दशकात करामा या वस्तीतल्या त्यांच्या दोन खोल्या मेक्सिकोच्या लोककलेने भरल्या होत्या, आणि ताई स्वतः मेक्सिकोला कधीच गेल्या नव्हत्या.

*

सुरुवात मातीच्या एका झाडापासून झाली. ताई एका मेक्सिकन इंजिनिअरच्या मुलीची शिकवणी घ्यायच्या. ते कुटुंब दुबई सोडायच्या तयारीत होतं. सामान आवरताना पानाफुलांचं, पक्ष्यांचं ते झाड फुटलं आणि कचऱ्यात निघालं. ताई तुकडे पिशवीत भरून टॅक्सीने घेऊन आल्या आणि महिनाभर जोडत बसल्या.

"फुटकं कशाला आणलंत?" मी विचारलं.

"जोडताना कळतं, करणाऱ्याचा अंगठा कुठे टेकला होता ते."

जोडलेलं झाड पाहून मुलीच्या आईने निघताना आपला उरलेला संग्रहही ताईंनाच दिला.

*

त्यात एक रंगीत लाकडी प्राणी होता. अंग कुत्र्याचं, पंख फुलपाखराचे. ताईंनी तो चौथीच्या वर्गात नेला.

"मिस, व्हिच अ‍ॅनिमल इज धिस?"

"तुम्हीच सांगा."

दुबईतच वाढलेली एक मुलगी म्हणाली, "मिक्स, मिस. लाइक अस."

त्या दिवशी ताईंनी पुढे काही शिकवलं नाही.

*

ताईंच्या सासूबाई सांगलीहून आल्या तेव्हा कपाटावर मातीचे दोन सापळे होते, नवरा-नवरीच्या पोशाखात. त्यांनी आधी त्या सापळ्यांवर टॉवेल टाकला. ताईंनी समजावलं, की तिकडे वर्षातून एकदा गेलेल्या माणसांसाठी त्यांच्या आवडीचं जेवण मांडतात.

"म्हणजे आपला पितृपक्षच की," सासूबाई म्हणाल्या.

सकाळी टॉवेल घडी करून ठेवलेला होता. सापळ्यांपुढे चहाचा कप.

"ह्यांना साखर जास्त लागायची," एवढंच त्या म्हणाल्या.

*

परकारभाई रत्नागिरीचे, सुतारकाम करायचे. भिंतीला फळ्या ठोकायला आले आणि पत्र्यावर रंगवलेल्या एका छोट्या चित्रापाशी थांबले. इमारतीच्या परांचीवरून एक माणूस खाली पडतोय आणि वर ढगात एक संत हात पुढे करून उभा आहे.

"वाचला का हा?"

"वाचला. म्हणून तर नवस फेडायला हे चित्र चर्चमध्ये टांगलं. तिकडे तशी रीत आहे."

परकारभाईंनी दोन फळ्या ठोकल्या. मग पाठमोरेच म्हणाले, "माझा धाकटा भाऊ अजमानला असाच पडला. तो नाही वाचला."

मग ते ताईंकडे वळले.

"त्याचं काढाल? पण माणूस नको. आमच्या धर्मात चालत नाही."

ताईंनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापला. पुढच्या शुक्रवारी, मी तिथेच होते, त्यांनी परांची रंगवली आणि मागे मोकळं आकाश. परकारभाई चित्राजवळ आले.

"दोरीवर एक निळा शर्ट वाळत घाला."

ताईंनी घातला.

"बाह्या कोपरापर्यंत दुमडा. तो तशाच ठेवायचा."

ताईंनी ब्रश पुसला आणि बाह्या दुमडल्या.