धनगरवाड्याची चढण

साधनाबाई मूळच्या बार्शीकडच्या. नवऱ्याला, शैलेशला, हिंजवडीत नोकरी लागली तेव्हा दोघे भुकूमला नव्या इमारतीत राहायला आले आणि बाईंना घोटावड्याच्या बाजूची प्राथमिक शाळा मिळाली. २०१० च्या मे महिन्यात जनगणनेचे काम आले. बाकीचे गुरुजी उन्हाच्या नावाने बोटे मोडत होते आणि बाई हसत होत्या. "आमच्याकडचं ऊन बघा एकदा. हे काय ऊन आहे?"

ही फुशारकी पहिल्याच आठवड्यात अंगाशी आली.

गावातली घरे संपली आणि डोंगरावरचा धनगरवाडा राहिला. शाळेतले कागद आवरून बाई निघाल्या तेव्हा ऊन चांगलेच चढले होते. पायांत पट्ट्याच्या चपला, अंगावर नायलॉनची साडी, पर्समध्ये पाण्याची इवलीशी बाटली. निम्म्या चढणीवर झाडी संपली. पुढे वाळके गवत आणि तापलेला कातळ. वारा आला तरी भट्टीचे दार उघडल्यासारखा. पाणी केव्हाच संपले होते. डोके ठणकू लागले, जीभ टाळूला चिकटली, समोरची पायवाट हलू लागली आणि बाई मटकन खाली बसल्या.

शेळ्या घेऊन उतरणाऱ्या शंभूने त्यांना पाहिले. तो धनगरवाड्यावरचाच, चाळिशीतला. त्याने हाताला धरून त्यांना करवंदीच्या जाळीच्या सावलीत आणले, स्वतःजवळचे पाणी त्यांच्या मानेवर, डोक्यावर ओतले, टॉवेलने वारा घातला.

"बाई, ह्या वक्ताला आमची शेरडं बी चढत न्हाईत," तो म्हणाला आणि त्यांना खाली रस्त्यापर्यंत पोचवून गेला.

घरी शैलेश चिडला. "डॉक्टरचं सर्टिफिकेट दे आणि मोकळी हो. कोणी फासावर देत नाही." शाळेतल्या जनार्दन गुरुजींनी सोपी वाट सुचवली. धनगरवाड्याची माणसे बाजाराला खाली येतात, तिथेच बसून लिहून घ्यायचे. बाईंना ते जवळजवळ पटले होते. बाजारात शंभू भेटला तेव्हा त्यांनी त्याला विचारले, वरचे सगळे खाली येतील का.

"समदे येतील की. माझी आय तेवढी न्हाई यायची. तिच्या खुब्याचं हाड मोडलंय. लई वर्सं झाली, डोंगर उतरली न्हाई. तिचं मी सांगतो, लिवा."

"नको," बाई म्हणाल्या. "घर डोळ्यांनी बघून लिहायचं असतं. मीच येते वर."

आपल्याला हाताला धरून खाली आणावे लागले, हेही त्यांच्या मनाला लागले होतेच. पण या खेपेला त्यांनी घाई केली नाही. दोन दिवस विश्रांती घेतली. लहानपणी आई खुरपायला जायची ते आठवून पाहिले. ती कधी उपाशीपोटी निघाली नव्हती की उघड्या डोक्याने. मग बाईंनी सुती ड्रेस काढला, वर शैलेशचा जुना लांब बाह्यांचा पांढरा शर्ट चढवला, कॅनव्हासचे बूट घातले आणि डोक्याला ओला पंचा गुंडाळला. मीठ, साखर, लिंबू घातलेल्या पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या ओल्या फडक्यात बांधल्या, साध्या पाण्याची एक वेगळी घेतली.

"शेतावर निघालीस की काय?" शैलेश हसला.

"लग्नाला तर नाही ना निघाले? चल, सोड मला."

तांबडे फुटता फुटता त्या पायथ्याला होत्या. तहान लागायच्या आधी घोटभर पाणी, दमायच्या आधी सावलीत टेकणे, असे करत त्या चढल्या. मागच्या वेळी मटकन बसल्या होत्या ती जागा आली. तिथे मुद्दाम थांबून त्यांनी पंचा पुन्हा भिजवला आणि पाऊल उचलले.

शंभूची आई, रत्नाबाई, अंगणात बाजेवर पडून होती. बाईंनी नाव विचारले तशी म्हातारी कोपर टेकून उठून बसली.

"माझं इचारायला आलीस? एवढं वर?"

"व्हय आजी, तुमचंच."

"मग पुरं लिव. आन् वय तुझ्या मनानं घाल, मला काय ठावं न्हाई."

सगळी घरे उरकली तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. अंगात जोर होता, झटकन उतरावे असे फार वाटले. पण बाई गेल्या नाहीत. रत्नाबाईच्या सुनेने दिलेले ताक पिऊन पडवीत आडव्या झाल्या आणि उतारावर सावली आली तेव्हाच उठल्या. पायथ्याशी पोचल्या तेव्हा दमल्या होत्या, पण स्वतःच्या पायांवर होत्या.

अजून दोन वाड्या बाकी होत्या. रविवारी शैलेशच म्हणाला, "मीही येतो सोबत." तो गाडीला किक मारून तयार, डोके उघडेच.

बाई गाडीवर बसल्या नाहीत. "आधी वर जा. टोपी घे, पाणी घे. मग निघू."

तो कुरकुरत जिना चढला. बाई खाली सावलीत उभ्या राहून बुटांच्या नाड्या घट्ट करू लागल्या.