घाटमाथ्यावरचं पाणी

घाटमाथ्यावर 'जलविभाजक' अशी संगमरवरी पाटी लागली आहे. खाली उद्घाटनाला आलेल्यांची नावं इतकी आहेत, की जलविभाजक म्हणजे काय हे सांगायला जागाच उरलेली नाही. ते काम मी केलं. शेजारी चहा विकणाऱ्या मावशींना म्हटलं, "इथलं पाणी पूर्वेला वळलं तर बंगालच्या उपसागरात जातं आणि पश्चिमेला वळलं तर अरबी समुद्रात."

"समुद्राचं ऱ्हाऊ द्या," ग्लास विसळत त्या म्हणाल्या. "खाली कोकणात माझी लेक दिलीय. पाऊस म्हणाल तर धो धो. पण उन्हाळ्यात विहीर कोरडी. कळशी घेऊन लांब जाती पोर."

भूगोलाच्या पुस्तकात पाण्याला वाट दाखवतो तो फक्त उतार. पूर्वेचा उतार मावशींपासून दोन पावलांवर होता. तरी त्या उठल्या, रस्ता ओलांडून पश्चिमेच्या कड्याशी गेल्या आणि विसळलेलं पाणी तिकडे ओतून आल्या.

"मावशी, हे तिच्या विहिरीपर्यंत पोचायचं नाही."

"ठाऊक हाय की," त्या हसल्या. "म्हणून काय तिच्याकडं पाठ करून ओतू?"