पेलोनेच्या गोळ्या

टिश्यूचं पाकीट ठेवून धरलेल्या टेबलावर माझे बाबा बसत नाहीत. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडईत, अख्खं सिंगापूर तशीच जागा धरतं, मीही धरते. बाबा विचारतात, "तू रांगेत होतीस तेव्हा इथे कोण येऊन गेलं?" मग दुसरं टेबल शोधायचं. तोवर जेवण गार. मला भयंकर राग येतो.

चारुदत्त मेहेंदळे मूळचे असे नव्हते. पुण्याचे साधे फार्मासिस्ट, १९७४ मध्ये आईला घेऊन अमेरिकेत क्लीव्हलंडला गेले. त्यांच्या दुकानातून पेलोने नावाचा माणूस औषधं न्यायचा. शहरातला निम्मा जुगार आणि गोदीतली युनियन त्याच्या मुठीत होती. त्याच्या सख्ख्या भावाला भागीदाराने कॉफीतून विष दिलं होतं. तेव्हापासून पेलोने रोज सकाळी दुकानात यायचा, आपल्या ब्लडप्रेशरच्या बाटलीतली एक गोळी बाबांना गिळायला लावायचा, अर्धा तास घड्याळ बघत बसायचा आणि बाबा धडधाकट दिसले की मगच स्वतःची घ्यायचा. अकरा वर्षं हे चाललं. नाही म्हणायची बाबांची काय बिशाद!

१९८५ मध्ये आजी वारली म्हणून बाबा तीन आठवडे पुण्याला गेले. तेवढे दिवस पेलोनेने एकही गोळी घेतली नाही. बाबा परतायच्या आदल्या दिवशी मेंदूत रक्तस्राव होऊन तो मेला. पण ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. त्यानंतर बाबांनी कुणाच्या हातचा चहासुद्धा सरळ प्यायला नाही.

२०१४ मध्ये आईबाबा सिंगापूरला, पुंगोलमध्ये माझ्याकडे राहायला आले. आता बाबांनाही ब्लडप्रेशर होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळी चुकली तर जिवावर बेतेल. क्लिनिकमधून सुट्या गोळ्यांची पिशवी मिळायची. बाबा त्या तोंडात घालतील अशी मला आशा नव्हती, पण ते मुकाट घेऊ लागले. आनंद व्हायचा सोडून मला संशय आला. खाण तशी माती. महिन्याच्या गोळ्या पंधरा दिवसांत संपत होत्या. बाबा त्या फेकत असणार म्हणून मी कचऱ्याचा डबासुद्धा उपसला. काही सापडलं नाही.

त्याच सुमारास आई एलआरटी ट्रेनच्या स्टेशनवर चक्कर येऊन पडली. तिचं प्रेशर फार खाली गेलं होतं. मी उकाड्याला दोष दिला.

एका सकाळी ऑफिसचा पास विसरला म्हणून मी अर्ध्या वाटेतून परत आले. स्वयंपाकघरात दोघं समोरासमोर बसले होते. पिशवीतली गोळी आईने गिळली. बाबा घड्याळ बघत होते.

"आई, हे काय चाललंय?"

"ओरडू नकोस, प्रणिता. मी आधी घेतली नाही तर हे घेत नाहीत. पेलोने कसा गेला ते मला ठाऊक आहे."

"अगं, पण तू पडलीस!"

"एकदाच तर पडले."

मी पिशवी हिसकावून घेतली. रागाने मला रडू फुटलं. "बाबा, तुम्ही पेलोनेपेक्षा वाईट आहात. त्याने निदान परक्याला गिळायला लावली."

बाबांनी मान खाली घातली. शरमले असतील, असं मला वाटलं. मग त्यांनी मान वर केली आणि थेट माझ्याकडे पाहिलं.

"मग उद्यापासून कोण घेणार?" त्यांनी शांतपणे विचारलं.