पावसाच्या पानाचे गुण

जपानी माणसाकडून शिकलेली एकमेव विद्या मी मित्राला फसवायला वापरली. बाकीचे लोक त्या देशाकडून वक्तशीरपणा घेतात म्हणे.

नांदेडला आमच्या विहारात जपानी भिक्खूंचा एक गट आला होता. सोबतच्या एका उपासकानं जाताना मला छोटी डबी दिली. आत अठ्ठेचाळीस जाड पत्ते, बोटभर लांबीचे. आकडे नाहीत, राजा-राणी नाही, नुसती फुलंझाडं. वर्षाच्या बारा महिन्यांची बारा, प्रत्येकाची चार पानं. फुलाला फूल जुळवून पान उचलायचं आणि कोणत्या पानाला किती गुण, हे त्यानं दुपारभर बोटांवर मोजून शिकवलं. आईनं चित्रं पाहिली आणि हे धम्माचंच काहीतरी असणार असं ठरवून डबी बुद्धमूर्तीसमोर ठेवली. त्या देशात यावर जुगार चालतो, हे मी तिला सांगितलं नाही. रोज अगरबत्ती लागणारा गैरसमज मोडायचा कसा?

पुढं लातूर जिल्हा झाला. नवा जिल्हा म्हणजे नव्या पाट्या, जुनी टेबलं आणि कोरडे नळ. तिथं एका सरकारी कचेरीत मी कारकून झालो. डबी सोबत आणली होती, खोलीतही ती बुद्धमूर्तीसमोरच राहिली. खोलीतला सोबती बिलोलीकडचा, आमच्याच समाजाचा, कचेरीही तीच. साध्या पत्त्यांना तो शिवायचा नाही, पण डबीला मात्र रोज हात जोडायचा. मी तिथंही गप्पच. गप्प राहण्यात माझा हात धरणारा नव्हता.

दुष्काळ पडला. उन्हाळाभर एका कारकुनाला निलंग्याकडं टँकरमागं पाठवायचं होतं. त्याच उन्हाळ्यात खात्याची परीक्षा होती, जिच्यावर बढती अवलंबून. फॉर्म दोघांचेही भरलेले. टँकरमागं जाणाऱ्याला परीक्षेपुरतीही रजा मिळणार नव्हती. साहेबांनी मोठ्या मनानं सांगितलं की तुमचं तुम्हीच ठरवा.

तो चिठ्ठ्या टाकू म्हणाला. मी म्हणालो, फुलांवर ठरवू. इतके दिवस मूर्तीसमोर बसलेल्या पानांत लबाडी कशी असेल, म्हणून तो लगेच कबूल झाला. रविवारी सकाळी सतरंजी टाकून बसलो. खेळ त्याला पाच मिनिटांत कळला. अभ्यासातही तसंच व्हायचं; मला गणितं तोच समजावून द्यायचा.

शेवटाकडं त्यानं एक पान उचललं. झुकलेलं झाड, धो धो पाऊस, खाली छत्रीवाला माणूस. वीस गुणांचं पान. मी मनात बेरीज केली. निलंगा मला स्वच्छ दिसायला लागलं.

"ह्याचे गुण धरत न्हाईत," मी म्हणालो.

"का बरं?"

"पावसाचं पान बाद असतंय. जपानी नियम हाय."

तो हसला. "तिकडं बी दुष्काळच हाय म्हनायचा," म्हणाला आणि पान बाजूला ठेवलं. सात गुणांनी हरला. दुसऱ्या दिवशी वळकटी बांधून एसटीनं गेला. जाताना पुस्तकं मला देऊन गेला, तुझ्या तरी कामाला येतील म्हणून.

आली ना. मी पास झालो. तो परत आला तो रापून, अभ्यासाची लय तुटलेला. पुढं दोनदा बसला, दोनदा राहिला, मग नाद सोडला. मी वर चढत गेलो. तो मला साहेब म्हणायला लागला. तसं म्हणू नकोस असं मी त्याला एकदाच सांगितलं, तेही त्यानं ऐकू नये इतपत हळू.

गेल्या महिन्यात त्याची मुलगी कचेरीत दाखल्यावर सही घ्यायला आली. बारावीला आहे. मी विचारलं, मेडिकलचा फॉर्म भरलास का?

"न्हाई काका. आमच्या घरात परीक्षेचं डोकंच न्हाई. बाबाच म्हणतात तसं."

मी सही केली. सही झकास आली.

संध्याकाळी त्याला चहाच्या टपरीवर नेऊन सगळं सांगितलं. त्यानं चहावरची साय बोटानं बाजूला केली.

"किती होते म्हनलास?"

"वीस."

चहा तसाच ठेवून तो उठला. "घरी चल. पोरीला सांग."

सांगितलं. दारातच, उभ्या उभ्या. मधे पाणी मागितलं नाही, कुणी दिलंही नाही. मुलीनं सगळं ऐकलं आणि बापाकडं वळली.

"म्हणजे तुम्ही हुशार होता?"

"त्यालाच इचार," तो म्हणाला.

"माझ्यापेक्षा लई," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं पाठ केली आणि फॉर्मची शेवटची तारीख कोणती, हे बापाला विचारायला लागली. मला कुणी बस म्हणालं नाही. तरी मी थोडा वेळ उभा राहिलो.